ड्रम वाजवून घेणारे दत्ताराम मेस्त्री

तुमच्या घरची गाडी घाट उतरते तेव्हा ती कशाच्या भरवशावर थांबते, हे तुम्ही कधी गुडघे टेकून पाहिलं आहे का? गाडीचा रंग तुम्हाला पाठ असेल. पुढे बांधलेली लिंबू-मिरचीही तुम्ही वेळच्या वेळी बदलत असाल. पण चाकाच्या आत मोठ्या पातेल्याएवढा एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ड्रम असतो. ब्रेक दाबला की दोन लायनर, म्हणजे वाकवलेल्या जाड पट्ट्या, त्याला आतून घासतात, आणि त्या घासण्याच्या जोरावर तुमची माणसं जिवंत घरी येतात. तो ड्रम किती झिजला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मलाही नव्हतं. आणि ठाऊक नसताना मी त्यावर पत्रक लिहिलं होतं.

दत्ताराम मेस्त्रींच्या हातात ड्रम आला की ते आधी लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र, बंद करायचे. छपराच्या वाशाला एक दोरी बांधलेली होती. तिला ड्रम लटकवायचे, पान्याने एकदाच हलकेच ठोकायचे आणि डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकायचे. चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो आणि त्याचा आवाज बराच वेळ रेंगाळतो. तो पुरता विरेपर्यंत त्या शेडमध्ये कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. एकदा एक बडे ठेकेदार मध्येच काहीतरी विचारू लागले. मेस्त्रींनी डोळे न उघडताच सांगितलं, “साहेब, तो बोलतोय. त्याचं होऊ दे, मग तुमचं.”

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी शेवटच्या ओळीत, त्यांची पत्र्याची शेड होती. मूळचे मंडणगडकडचे. पंचवीस वर्षं मुंबईच्या गिरणीत टर्नर होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. इतर जण वाट बघत चाळीत थांबले. हे कुठलासा जुना लेथ ट्रकमध्ये घालून रत्नागिरीला आले. बायको आधीच वारली होती, मुलगा बोटीवर होता. ब्रेकचे ड्रम लेथवर कापून साफ करणं आणि लागलाच तर नवा बसवणं, एवढंच काम ते घेत. इंजिनाला हात लावत नसत. म्हणत, “गाडी चालवायला सगळे शिकवतात. थांबवायचं बघणारा एक तरी पायजे.”

आमची ओळख पत्रकामुळे झाली. माझे वडील छापखान्यात जुळारी होते आणि कामगारांच्या चळवळीत होते. आमच्या घरात देवांच्या तसबिरी नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. मी बाराखडी त्यांवरच गिरवली. कॉलेज संपल्यावर आम्ही सहा जणांनी एक मंडळ काढलं. आमचं स्वतःचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. दर महिन्याला एक पत्रक काढायचं आणि वसाहतीच्या फाटकावर उभं राहून वाटायचं. मेस्त्री ते दोन्ही हातांनी घ्यायचे, त्यामुळे मला फार बरं वाटायचं. एकदा मी शेडमध्ये गेले तर माझी सगळी पत्रकं भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेली दिसली. पाठमोरी. कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीने आकडे लिहिले होते: कोणाची गाडी, कुठलं चाक, ड्रमचं माप किती, कोणत्या महिन्यात.

मी चिडून विचारलं की हे वाचायला दिलं होतं की लिहायला. ते ओशाळले नाहीत. “बाय, कागद चांगला असतो तुमचा. शाई मागं फुटत नाय.”

प्रत्येक गाडीवाला त्यांना एकच प्रश्न विचारायचा, की ड्रम किती वर्षं टिकतो. त्या प्रश्नाने ते वैतागायचे. खिळ्यावरचे कागद काढून दाखवायचे. लांज्याच्या एका डॉक्टरांच्या जीपचा ड्रम नऊ वर्षं चालला होता. त्यांच्या सख्ख्या भावाची तसलीच जीप, तोच रस्ता, आणि ड्रम दोन वर्षांत भंगारात. मासळी वाहणाऱ्याच्या गाडीचा तर खाऱ्या पाण्याने गंजून आतून खरवडलेला. “ड्रमाचं वय ड्रमात नसतं,” ते म्हणायचे, “चालवणाऱ्याच्या पायात असतं. मला वर्षं विचारू नको, पाय दाखव.”

एका बाबतीत मात्र ते कोणाचं ऐकत नसत. ड्रमला आतून चरे पडले की तो लेथवर थोडा कापून गुळगुळीत करतात. दरवेळी बीड पातळ होतं. इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला कारागीर थाउ म्हणतात. साठ थाउ गेले की मेस्त्री तो ड्रम कापत नसत, आणि केसाएवढी चीर दिसली तर एक थाउही नाही. गाडीवाला रागावून दुसरीकडे गेला तरी चालेल. तसे पुष्कळ गेले.

आता त्या पत्रकाबद्दल. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे येताना, घाट संपतो तिथे रस्त्याच्या कडेला राखणदाराचा, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाचा, एक दगड आहे. घाट सुखरूप उतरलो म्हणून चालक तिथे थांबायचे. शेजारच्या झऱ्यातून तांब्याभर पाणी आणून दगडावर घालायचे, बिडी ओढायचे, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचे आणि मग निघायचे. पाऊण तास तिथेच जायचा. मला हे पाहून संताप यायचा. घाट उतरवला चालकाने आणि मान दगडाला. आम्ही पत्रक काढलं. शीर्षक मीच दिलं होतं: ‘दगडाला कसलं पाणी घालता? तापलेल्या चाकाला घाला!’ लोखंड तापतं, पाणी थंड करतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग वेळ आणि पाणी वाया का घालवता, असा एकंदर सूर होता. आमचं इतकं गाजलेलं पत्रक दुसरं नाही. काही चालकांनी ते खरोखर मनावर घेतलं. सगळ्यात जास्त मनावर घेतलं माझ्या काकाने.

आप्पाकाकाची जीप म्हणजे आमच्या सगळ्या कुटुंबाची गाडी. आंब्याच्या पेट्या तिच्यातून जायच्या, बाळंतिणी तिच्यातूनच यायच्या. काकाला माझं फार कौतुक. घाट उतरला की तो दगडाजवळ न थांबता झऱ्याकडे जाई, दोन बादल्या पाणी चाकांवर ओती, वाफेचा फस्सकन आवाज आला की खूश होई आणि गाडी काढी.

वर्षभराने ब्रेक दाबताना जीप थरथरू लागली. काकाने पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम काढून मेस्त्रींकडे आणला. मी सोबत होते. आठवडाभराने माझी चुलतबहीण सुमन हिचा साखरपुडा मलकापूरला, म्हणजे घाटावर, ठरलेला होता. मेस्त्रींनी लेथ बंद केला, ड्रम टांगला, ठोकला. आवाज आला आणि लगेच मेला. मेस्त्रींनी ड्रम उजेडाकडे फिरवला. आतल्या गुळगुळीत बिडावर केसांसारख्या चिरा होत्या. एक नाही, सगळीकडे.

ते म्हणाले की हा ते कापणार नाहीत. काका भडकला. आधीचा ड्रम सहा वर्षं चालला आणि मेस्त्रींनी बसवलेला हा नवा ड्रम वर्षात फुटतो, तर तो मुळातच फुटका दिला असणार, असं तो सरळ म्हणाला. शेडमधली माणसं काम सोडून बघू लागली. मेस्त्रींनी आवाज चढवला नाही. खिळ्यावरून काकाच्या जीपचा कागद काढला, त्यावरचं माप वाचलं. ड्रम नवाकोरा, पूर्ण मापाचा होता. मग म्हणाले, “आप्पा, या पावसाळ्यापासून असले चार ड्रम आले माझ्याकडं. चारही घाट उतरणाऱ्या गाड्यांचे. मला कळेना काय झालं. तुमी घाट उतरता कसा?”

दुसऱ्या गियरमध्ये, काका म्हणाला. पाय ब्रेकवर ठेवून झोपत नाही.

“आणि खाली आल्यावर?”

काकाने अभिमानाने सांगितलं. बादल्या, वाफ, सगळं. “आता दगडाबिगडाला आपण थांबत नाही. आमच्या पोरीनेच लिहिलंय.”

मेस्त्रींनी हातातला कागद उलटा केला. त्याच पत्रकाच्या पाठीवर त्यांनी काकाच्या ड्रमचं माप लिहिलं होतं. त्यांनी माझं शीर्षक हळू, अक्षर लावत वाचलं. मोठ्याने.

मी भांडले. आज लिहिताना लाज वाटते, पण भांडले. तापलेलं लोखंड पाण्याने थंड होतं हे खोटं आहे का, असं मी विचारलं. मेस्त्री म्हणाले, “खरं हाय. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून बघितलायस कधी? ती पण थंडच होते.”

कोकणात कंदिलाची काच अशी तडकलेली कोणी पाहिली नाही? मीही पाहिली होती. मेस्त्री स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “चूक माझी पण हाय. वर्षभर हा कागद माझ्याच खिळ्यावर. मागची बाजू कोरी दिसली की मी पुढची बघत नाय.”

नवा ड्रम कोल्हापूरहून मागवावा लागणार होता. कधी येईल ते सांगता येत नव्हतं. काकाने ते ऐकलं, ड्रम काखेत मारला आणि दुसऱ्या एका लेथवाल्याकडून तो कापून आणला. वरून चिरा दिसेनाशा झाल्या. जीप थरथरायची थांबली. मी घरी काकाच्या पाठी लागले, की आत चिरा आहेत, बीड आणखी पातळ झालंय, एसटीने जाऊ. काका हसला. “छापलंस तेव्हा खरं होतं, आता मेस्त्री बोलले म्हणून खोटं? तुझं नक्की कुठलं धरायचं गं?” मीच त्याला दिलेलं हत्यार होतं ते. मी एवढंच म्हणाले की मी त्या गाडीत बसणार नाही. सुमन रडली. काकू नुसती माझ्याकडे बघत राहिली. शनिवारी सकाळी आठ माणसं घेऊन जीप गेली. चढताना काही होणार नव्हतं. भीती रविवारची होती, उतरण्याची.

रविवारी सकाळी मेस्त्री आमच्या दारात उभे. ते कधी कोणाच्या घरी जात नसत. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला ड्रम, हातात जॅक आणि पान्यांची पिशवी. ड्रम पहाटेच्या कोल्हापूरच्या गाडीने आला होता. “मलकापुरात त्यांच्या दारावरनंच खाली आला हा,” ते म्हणाले. “जीप गेली?” मी हो म्हणाले. त्यांनी मागचापुढचा काही विचार केला नाही. “बाय, चप्पल घाल.”

कोल्हापूरच्या एसटीत आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलो. ड्रम त्यांनी जमिनीवर ठेवला नाही, मांडीवर घेतला. साखरपा गेलं आणि घाट लागला, तसे म्हणाले, “तू समोरनं येणाऱ्या गाड्या बघ. जीप दिसली की सांग. मी ड्रायव्हरला हॉर्न मारायला लावतो.” मी खिडकीच्या गजाला नाक लावून बसले. एक जीप आली, निळी. दुसरी आली, माणसांनी भरलेली, वळणावर आमच्या बसला घासून गेली. माझ्या तोंडून किंकाळी निघाली, पण तिचा नंबर दुसराच होता. एका वळणावर कठड्याचे दगड ढासळलेले होते. ते जुनंच होतं, वर्षभर तसंच होतं, पण त्या दिवशी मला ते ताजं वाटलं. मी खाली दरीत वाकून पाहिलं. मेस्त्री म्हणाले, “खाली बघू नको. समोर बघ. समोरचं आपल्या हातात हाय.”

घाटाच्या माथ्यावर उतरलो. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, तसली जीप अजून उतरलेली नाही. आम्ही रस्त्यातच उभे राहिलो. चहा आला, थंड झाला. मेस्त्रींना खोकला होता. लायनरची बारीक राखाडी धूळ वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत जात होती आणि तोंडाला बांधायला त्यांच्याकडे फक्त एक पंचा होता. खोकून झालं की पुन्हा ते रस्त्याकडे बघत. मी विचारलं की काका थांबलाच नाही तर. ते म्हणाले, “मी रस्त्याच्या मधोमध उभा राहीन. अजून तरी त्याचा ब्रेक लागतोय.”

चारच्या सुमारास जीप आली. काकाने आम्हाला पाहिलं, गाडी थांबवली आणि उतरला तोच तोंड लाल करून. नव्या सोयऱ्यांपैकी दोघे मागून मोटारसायकलवर येत होते. त्यांच्यासमोर हा तमाशा कशाला, असं त्याचं म्हणणं. मेस्त्रींनी वाद घातला नाही. पिशवीतून दोरी काढली, नवा ड्रम टपरीच्या खांबाला टांगला आणि ठोकला. आवाज झाडीत शिरला आणि कितीतरी वेळ येत राहिला. मग ते जॅक लावून डाव्या चाकाशी बसले. काका अडवेना, पण मदतही करेना. चाक निघालं, ड्रम निघाला. तो त्यांनी त्याच दोरीला टांगला आणि पाना माझ्या हातात दिला. “तू ठोक.”

मी ठोकलं. खड्ड. एवढंच.

काका म्हणाला, त्याला काही फरक कळत नाही. तेव्हा जीपमधून काकू उतरली. जन्मात तिने काकाला चारचौघांत उलट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ती ड्रमजवळ आली, बोटाच्या पेराने तिने स्वतः एकदा टकटक केलं. म्हणाली, “मडकं घेताना मी वाजवून घेते. हे फुटलंय.” आणि गाडीकडे वळून, “उतरा गं सगळ्या. पोरांना घ्या.”

सगळे उतरले. काका रस्त्यात एकटा उभा राहिला. मग खाली बसला आणि त्याने नव्या ड्रमची एक बाजू धरली.

उतरताना मेस्त्री काकाच्या शेजारी बसले होते. घाट संपला तसं त्यांनी दगडाजवळ गाडी थांबवायला सांगितली. काकाचा हात सवयीने बादलीकडे गेला आणि तिथेच थांबला. मेस्त्री म्हणाले, “त्या दगडाचं मला ठाऊक नाय. पाणी घालायचं तर घाला, नको तर नको. बसायचं मात्र.” आम्ही सगळे बसलो. मला त्यांनी चाकाजवळ बोलावलं, तळहाताची मागची बाजू चाकाजवळ धरायला लावली. झळ लागत होती. दर थोड्या वेळाने हात धर, म्हणाले. झळ कमी होत गेली, मग ऊब राहिली, मग तीही गेली. तेव्हा मला कळलं की ज्या पाऊण तासाला मी वेडेपणा म्हटलं होतं, त्यात ड्रम हळूहळू निवत होता. दगडाने काही केलं नव्हतं. बसण्याने केलं होतं. मी दगड फेकताना बसणंही फेकून दिलं होतं.

निघताना ते म्हणाले, “आता दुसरा कागद काढ.”

मंडळात मोठं भांडण झालं. माघार घेतली तर अंधश्रद्धेला बळ मिळेल, असं चौघांचं मत पडलं. मी म्हणाले, आपण सरकारला, मालकाला, भटजीला, सगळ्यांना चूक कबूल करा म्हणून सांगत फिरतो. आपली चूक चाकात घालून लोकांना दरीकडे पाठवणार असू तर यंत्र विकून टाका. शेवटी त्यांनी मान्य केलं आणि पत्रक निघालं. वर लिहिलं होतं: ‘आमचं चुकलं. तापलेल्या चाकाला पाणी घालू नका.’ मेस्त्रींना पहिली प्रत नेऊन दिली. त्यांनी या वेळी पुढची बाजू आधी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग उलटून पाहिलं. मागे मी रकाने आखले होते: गाडी, चाक, माप, महिना. ते हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलं नाही. आम्ही दोघांनी तीन रविवार त्या दगडापाशी बसून पत्रकं वाटली. काही चालक मला वेडावून दाखवत, की बाई एकदा घाला म्हणते, एकदा नको म्हणते. मेस्त्री त्यांना म्हणत, “ती निदान दोनदा बोलली. तुमी ड्रम एकदा तरी उघडा.”

मेस्त्री गेल्या श्रावणात गेले. खोकला शेवटी त्यांना झोपूही देत नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावर ‘दमा’ असं लिहिलं. त्या राखाडी धुळीचं नाव कोणी लिहिलं नाही, आणि तिच्याबद्दलही मला कधीतरी लिहावं लागणार आहे. मुलगा बोटीवरून आला, त्याने लेथ विकला. खिळ्यावरचे कागद तो जाळणार होता. मी मागून घेतले. आता ते माझ्याकडे आहेत. कुठल्या गाडीचा ड्रम किती थाउ गेला आहे, हे त्यांत आहे. त्यांतल्या कित्येक गाड्या आजही घाट उतरत आहेत आणि त्यांच्या मालकांना आपला आकडा ठाऊक नाही.

म्हणून एक मागणं आहे. हे वाचून झाल्यावर मेस्त्रींबद्दल हळहळू नका. या आठवड्यात तुमच्या गाडीचं एक चाक उघडून घ्या. ड्रम टांगायला सांगा आणि स्वतः ठोका. सगळ्यांना गप्प करा आणि आवाज विरेपर्यंत ऐका. माप घ्या. घरात जो कागद सापडेल त्याच्या कोऱ्या बाजूवर ते महिन्यासकट लिहा आणि खिळ्याला टोचा. पण टोचण्याआधी तो कागद एकदा उलटून वाचा.